नलूचा अर्धा पासवर्ड

"तुझा अर्धा मला सांगून ठेव," असं मी नलूला म्हटलं, तेव्हा ती दवाखान्यातल्या कॉटवर उशीला टेकून बसली होती आणि वाटीतली पेज चमच्यानं नुसती ढवळत होती. सकाळची भेटायची वेळ होती. तिनं चमचा थांबवला, चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोन्ही किल्ल्या एकीच्या हातात? शैले, नोकरी जाईल तुझी." आम्ही दोघी बँकेतून निवृत्त झाल्याला आता जमाना झाला, पण नलूच्या लेखी मी अजून प्रोबेशनवरच होते. मी म्हटलं, "थट्टा पुरे. पासवर्ड सांग." तर म्हणे, "डुप्लिकेट ठेवलीय मी. नियमाप्रमाणे." कुणाकडे ठेवलीस असं विचारलं, तर वर मलाच ऐकवलं, "ते तुला सांगितलं तर ती डुप्लिकेट कसली?" तेवढ्यात सिस्टर आल्या, वेळ संपली म्हणाल्या, आणि मी पिशवी उचलून निघाले. दारातून मागे वळून पाहिलं तर ती वाटी बाजूला सारत होती. मी बघतेय हे लक्षात आल्यावर तिनं वाटी परत पुढ्यात ओढली, जणू काही खातच होती...

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासाठी मुगाचं कढण डब्यात भरत होते, तेव्हा केतकीचा फोन आला. केतकी म्हणजे नलूची भाची, भावाची मुलगी, खराडीला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. "मावशी, आत्या गेली," एवढंच म्हणाली. मी फोन ठेवला आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. कशाला लावलं, कुणासाठी लावलं, मला सांगता येणार नाही. डबा घेऊन जिन्यापर्यंत गेलेसुद्धा. आणि खरं सांगायचं तर मला त्या दिवशी रडू नाही आलं, राग आला. आयुष्यभर नियम नियम करत बसली बाई, आणि जाताना मला कुलपाबाहेर ठेवून गेली.

ही किल्ल्यांची भानगड काय, ते सांगायला हवं. आम्ही दोघी एकाच शाखेत होतो. नलू हेड कॅशियर, मी अकाउंटंट. बँकेची स्ट्राँगरूम एका माणसाला उघडता येत नाही. तिला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात असतात. सकाळी दोघांनी मिळून उघडायची, संध्याकाळी दोघांनी मिळून बंद करायची. शिवाय दोन्ही किल्ल्यांची डुप्लिकेट सीलबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवलेली असते, त्याच इमारतीत कधीच नाही. कितीतरी वर्षं रोज सकाळी मी आणि नलू त्या लोखंडी दारासमोर उभ्या राहिलो. मी माझी किल्ली फिरवायचे तेव्हा ती भिंतीकडे बघायची, ती तिची फिरवायची तेव्हा मी भिंतीकडे बघायचे. किल्लीकडे बघून कुणाला काही कळतं थोडंच? पण नलूचं म्हणणं, "सवय मान वळवायची पाहिजे. डोळे मिटून भागत नाही, मिटलेले डोळे किलकिले होतात." मला या तिच्या बोलण्याचा फार राग यायचा. तिला एकदा रिक्षा मिळाली नाही म्हणून उशीर झाला, तर बाहेर ही रांग, लोक शटरवर थापा मारतायत, आणि मी आत माझी किल्ली हातात धरून ठोंब्यासारखी उभी. माझ्या एकटीच्या किल्लीनं काही होत नव्हतं. ती आली ती घामाघूम, आणि आल्या आल्या मलाच म्हणाली, "तू वेळेवर येऊन काय उपयोग झाला, सांग बघू?"

माझे यजमान गेले, ती सकाळची वेळ होती. माझ्या पर्समध्ये किल्ली होती. घरात माणसं जमलेली, मी सुन्न बसलेली, आणि नलू आमच्या मॅनेजरांना घेऊन आली. चपला काढल्या आणि सरळ माझ्यापुढे येऊन म्हणाली, "शैला, किल्ली." माझ्या जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. कुणीतरी म्हणालंसुद्धा, काय दगडाच्या काळजाची बाई आहे. मी किल्ली काढून दिली, मॅनेजरांनी पुढे केलेल्या रजिस्टरवर सही केली, ते गेले. नलू मात्र गेली नाही. तिनं स्वतःची किल्ली सकाळीच दुसऱ्याच्या ताब्यात देऊन टाकली होती. आयुष्यात रजा न घेणारी ती बाई. मग ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि दिवेलागणीपर्यंत तिथून हलली नाही. माझ्या पाठीवर हातसुद्धा फिरवला नाही तिनं, तसलं तिला जमायचं नाही. नुसती गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. त्या दिवसाचं मला दुसरं काही नीट आठवत नाही, तिचा गुडघा आठवतो.

पुढे नारायण पेठेत आमच्या इमारतीत समोरचा ब्लॉक रिकामा झाला आणि नलू तिथं राहायला आली. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही हे विचारणाऱ्याला ती सांगायची, "तुम्ही केलंत ना? मग झालं की." माझा मुलगा तोपर्यंत परदेशात गेलेला होता. दोन दारं समोरासमोर, त्यामुळे आमचा संसार हळूहळू अर्धा अर्धा होत गेला. नारळ फोडला की अर्धी वाटी समोर. मार्केट यार्डात जाऊन वर्षाची चिंच आणि गूळ आणायचा आणि घरी येऊन वाटून घ्यायचा. वाटताना ती तराजू काढायची, आणि मोठा वाटा माझ्याकडे सरकवून म्हणायची, "काटा खराब आहे गं." पेपर एकच घ्यायचो. आधी बातम्या मी वाचायच्या, पुरवणी तिनं, आणि चहाच्या वेळी अदलाबदल. ही पुरवणी, जी तुम्ही आत्ता वाचताय, ती माझ्या हातात कधी कोरी आलीच नाही. तिच्या पेन्सिलच्या खुणा असायच्या. शुद्धलेखनाच्या चुका काढायची मेली.

आम्ही दोघींनी मिळून मेलचं एक खातं उघडलं, तेव्हाही असंच झालं. सहलींची तिकिटं, विजेची बिलं, फोटो, सगळं एकीकडे राहावं म्हणून. पासवर्ड काय ठेवायचा यावर मी म्हटलं, ठेव काहीतरी दोघींच्या लक्षात राहील असं. नलूनं चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "अर्धा तू टाक, अर्धा मी टाकते. तुझा मला नको, माझा तुला नको." आणि त्या दिवसापासून माझ्या घरात खिडकीपाशी जे टेबल आहे, त्यावरच्या लॅपटॉपपुढे आमची स्ट्राँगरूम रोज उघडायला लागली. आधी मी माझा अर्धा टाकायचा, ती मान वळवून खिडकीबाहेर बघणार. मग मी उठून तिला खुर्ची द्यायची आणि मी खिडकीबाहेर बघायचं. ती एका बोटानं टाइप करायची. टक्... मग बराच वेळ काहीच नाही, ती अक्षर शोधतेय. मग टक्... माझे समोरच्या गच्चीवरचे कपडे मोजून व्हायचे, खालच्या दुकानाची पाटी वाचून व्हायची, तरी हिचं चालूच. "अगं, रामायण लिहितेस का?" असं मी विचारायचे. "लांब असावा लागतो," ती शांतपणे म्हणायची, "छोटा मोडायला सोपा." चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून, आधी मी, मग ती. काम संपलं की लगेच लॉगआउट. "स्ट्राँगरूम उघडी टाकून कुणी जेवायला जातं का?"

माझ्या मुलाला हे सांगितलं तर तो हसत सुटला. पण आमचं बघून इमारतीतले लोक शंका विचारायला यायला लागले आणि नलूनं शनिवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये चक्क वर्ग सुरू केला. चार खुर्च्या टाकायच्या आणि ज्येष्ठ मंडळींना पासवर्ड कसा करायचा ते शिकवायचं. नलूची शिकवण्याची तऱ्हा काही औरच होती. एका गृहस्थांनी सांगितलं, मी नातवाचं नाव ठेवलंय आणि पुढे एक दोन तीन. नलू म्हणाली, "छान. नातवाचा वाढदिवस तुम्ही सगळ्या ग्रुपवर फोटोसकट टाकता, मग चोराला तरी कशाला त्रास?" दुसऱ्या एकांनी फ्रीजवर चिठ्ठी चिकटवली होती. त्यांना विचारलं, "अहो, दाराला कुलूप लावून किल्ली तिथंच खिळ्याला टांगता का?" बँकेला, मेलला, गॅसच्या नोंदणीला सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणाऱ्या बाईंना तिनं इतकं फैलावर घेतलं की त्या पुढच्या शनिवारी आल्याच नाहीत. मग नलू स्वतः त्यांच्या घरी गेली आणि त्यांच्याबरोबर बसून एकेक खातं निराळं करून आली. फोनवर कुणी गोड बोलून ओटीपी मागितला तर काय करायचं, तर तिचं उत्तर ठरलेलं: "फोन ठेवायचा. सभ्यपणा नंतर." आणि पासवर्ड कसा निवडायचा, तर एखादं लांबलचक वाक्य घ्या, वेडंवाकडं, तुमच्या आयुष्यातलं, पण असं, की तुमच्या जवळच्या माणसालासुद्धा ते माहीत नाही. हे ती प्रत्येक वर्गात सांगायची. मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हिच्याबद्दल मला माहीत नाही असं काय असणार?

केतकीचं आणि तिचं यावरून जोरदार वाजलं होतं. केतकी महिन्या-दोन महिन्यांनी यायची. एकदा आम्हा दोघींना टेबलापाशी माना वळवून बसलेलं बघितलं आणि म्हणाली, "आत्या, हे काय क्यूट चाललंय! पासवर्ड मॅनेजर वापर ना. एक ॲप असतं, सगळे पासवर्ड त्यात राहतात, एनक्रिप्टेड. एकच मोठा पासवर्ड लक्षात ठेवायचा, बस." नलू उखडलीच. "म्हणजे सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात, आणि जुडगं परक्याच्या खिशात!" केतकीही काही कमी नाही. म्हणाली, "आणि उद्या तू विसरलीस तर? तुझी अर्धी किल्ली तर तुझ्या डोक्यात आहे. तिथं काही झालं म्हणजे?" यावर नलू काहीच बोलली नाही. मला आठवतं, कारण नलूनं उत्तर दिलं नाही असं फारदा व्हायचं नाही. केतकीनं त्या दिवशी आमचा फोटोही काढला. नलूला फोटोचं वावडं. कॅमेरा दिसला की हात आडवा घालायची, त्यामुळे आमच्या सगळ्या सहलींच्या फोटोंत नलूच्या जागी एक तळहात आहे. हा फोटो मात्र तिच्या नकळत निघाला. केतकीनं तो मेलवर पाठवला, आमच्या त्याच खात्यात, आणि नलूच्या धाकानं स्वतःकडचा पुसून टाकला.

नलू गेल्यावर केतकीनं समोरच्या ब्लॉकला कुलूप लावलं आणि ती गेली. आता मी दार उघडलं की समोर ते कुलूप दिसतं. नारळ मी फोडते आणि अर्धी वाटी फ्रीजमध्ये पिवळी पडून जाते. पेपर आला की बातम्याही माझ्याच आणि पुरवणीही माझीच, कुठंही खूण नाही, आणि खूण नाही म्हटल्यावर मला त्यातलं काही लक्षातच राहत नाही. दुपारी चहा टाकताना दोन कप पाणी घालते, मग एक कप ओतून देते. शनिवारचा वर्ग बंद पडला. खाली भेटलं की लोक विचारतात, "चालू करा की हो तुम्ही." मी बघू म्हणते. हे सगळं मला चारचौघांत सांगायला आवडत नाही, पण सांगते. दिवस फार मोठा झालाय. मला एकटं वाटतं.

या पुरवणीसाठी नलूवर लिहाल का, असं विचारणारा फोन आला तेव्हा मी हो म्हटलं, आणि फोन करणाऱ्या बाई पुढे म्हणाल्या, "सोबत त्यांचा एक चांगला फोटो द्या." चांगला म्हणजे तळहात नसलेला फोटो एकच होता आणि तो मेलच्या कुलपाच्या आत. रविवारी मुलाचा फोन आला, तर तो म्हणाला, "आई, एवढं काय त्यात? 'पासवर्ड विसरलात का' वर क्लिक कर. तुझाच नंबर दिलाय ना खात्याला? कोड येईल, नवा पासवर्ड टाक, दोन मिनिटांचं काम." मला काय हे माहीत नव्हतं? शनिवारच्या वर्गात हा एवढा भाग तर मीच शिकवायचे. फोन ठेवल्यावर मी लॅपटॉप उघडला, क्लिक केलं, माझ्या फोनवर कोड आला, तो टाकला. आणि मग एक कोरी चौकट समोर आली. नवा पासवर्ड तयार करा.

मी त्या चौकटीसमोर बसून राहिले. आता इथं काही टाकलं की नलूचा अर्धा पुसला जाणार. आणि टाकायचं तरी काय? तुमच्या जवळच्या माणसालासुद्धा माहीत नसलेलं असं काहीतरी, हा तिचा नियम. मी पालीला घाबरते, हे माहीत होतं फक्त नलूला. मी नवऱ्याचा स्वेटर अजून उशीच्या अभ्र्यात ठेवते, ते नलूला माहीत होतं. मला चहात साखर दीड चमचा लागते आणि लोकांत मी एकच सांगते, तेही. आता हे कुणालाच माहीत नाही. मुलाला नाही, भावाला नाही, जाऊबाईंना तर नाहीच. म्हणजे माझ्याबद्दलची कुठलीही गोष्ट आता पासवर्ड म्हणून चालेल, इतकी मी सुरक्षित झाले होते. अगं नलू, हे तू वर्गात नाही सांगितलंस... मी ती चौकट तशीच बंद केली. मग मला रडू आलं, सगळं साठलेलं.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. डुप्लिकेट ठेवलीय म्हणाली होती ना? मग नलू खोटं बोलणार नाही, आणि नियम सोडून तर काहीच करणार नाही. डुप्लिकेट त्याच इमारतीत ठेवत नाहीत, दुसऱ्या शाखेत ठेवतात. इमारतीबाहेर नलूचं असं होतं कोण? एक केतकी. पण जिच्याशी ती या एका गोष्टीवरून कडाकडा भांडली, तिच्याकडे? मी केतकीला फोन लावला आणि आडून विचारलं, आत्यानं तुझ्याकडे काही ठेवलंय का गं. ती म्हणाली, "मावशी, किती वाट बघितली मी तुमच्या फोनची! आत्यानं सांगितलं होतं, शैला स्वतः विचारेल, आपण होऊन बोलायचं नाही. आणि फोनवर मागितलं तर द्यायचं नाही. तुम्ही या." मला हसू आलं आणि परत डोळे भरून आले. डुप्लिकेट काढायला माणसानं स्वतः जायचं असतं, हाही नियमच आहे.

नारायण पेठेतल्या माणसाला खराडी म्हणजे परगावच. बस बदलून, विचारत विचारत मी पोचले. उंचच उंच इमारत, खाली वहीत नाव लिहून घेणारे रखवालदार, लिफ्टमध्ये आरसा. केतकीनं त्या दिवशी घरूनच काम घेतलं होतं. तिनं मला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. दवाखान्यात जायच्या आदल्याच आठवड्यात नलू तिच्याकडे आली होती, एकटी, बसनं. मला मात्र दाताच्या डॉक्टरांकडे जाते म्हणून सांगून गेली होती. म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. दम खात खात वर आली आणि म्हणाली, "तुझ्या त्या जुडग्यात माझी एक किल्ली ठेव." केतकीनं विचारलं, "काय आत्या, हरलीस ना शेवटी?" तर म्हणाली, "हरले कसली? शाखा उघडलीय नवी."

"तिनं स्वतःच टाइप केलं, मावशी," केतकी म्हणाली. "मला म्हणाली, मान वळव. एवढा वेळ लागला, एवढा वेळ लागला, की मी आत जाऊन चहा टाकून आले." तिनं मला फोनवरचं ते ॲप दाखवलं. वीज, गॅस, विमा अशी तिच्या खात्यांची नावं एकाखाली एक, आणि मध्येच मराठीत 'हेड कॅशियर'. त्यावर बोट ठेवलं तर नुसते काळे ठिपके, ओळभर. आणि ओळीच्या शेवटी एक डोळ्याचं चित्र. "हा डोळा दाबला की दिसेल. मी नाही बघितलेलं अजून," ती म्हणाली. "बघायचंय तुम्हाला?"

मला बघायचं होतं. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या बाईनं माझ्यापासून लपवून ठेवलेलं एक वाक्य माझ्यापासून बोटभर अंतरावर होतं. तिच्या आयुष्यातलं, मला माहीत नसलेलं. कुणाचं नाव असेल त्यात? कुठलं गाव? की नुसतीच माझी थट्टा? माझं बोट पुढे झालंसुद्धा. आणि मग मनात आलं, हे वाचलं की दोन्ही किल्ल्या माझ्याकडे. मग मला खिडकीपाशी बसून कुणाची वाट बघायला नको. एकटीनं उघडायचं, एकटीनं बंद करायचं.

"नको," मी म्हटलं. "राहू दे तुझ्याकडेच. आणि तूही बघायचं नाहीस." केतकी म्हणाली, "मग दर वेळी माझ्याकडे यावं लागेल तुम्हाला." "येईन की. नाहीतर तू ये. बस येते आमच्याकडेसुद्धा." ती हसली, पण तिचेही डोळे भरले होते.

मग तिनं तिचा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. मी माझा अर्धा टाकला. तिनं मान वळवली, न सांगता. मग मी उठून तिला जागा दिली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर बांधकामाची क्रेन होती, पलीकडे काचेच्या इमारती. मी क्रेन बघत राहिले. पहिला टक् ऐकू येईल म्हणून कान देऊन उभी होते. आता अक्षर शोधत असेल... आता दुसरं... "मावशी," केतकी म्हणाली, "उघडलं कधीच. कॉपी-पेस्ट केलं मी." तरी मी आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिले. मला एवढ्या लवकर वळायची सवय नव्हती.

फोटो सापडला. या लेखासोबत छापलाय तोच. डावीकडे की-बोर्डवर वाकलेली, कपाळाला आठ्या घातलेली ती मी आहे. नलू उजवीकडची. चेहरा अर्धाच दिसतो, कारण ती खिडकीबाहेर बघतेय. छापणाऱ्या बाई म्हणाल्या, "यात त्या कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत, थोड्या कंटाळलेल्या वाटतायत, दुसरा नाही का?" दुसरा नाही. आणि कंटाळलेली नाहीये ती. माझं टाकून व्हायची वाट बघतेय.